बाणाचं टोक कुठल्या बाजूला? : मागच्या अंकातल्या चुकीवरून पानाच्या मांडणीचा एक धडा



आधी कबुली, मग धडा. मागच्या अंकात 'शब्दांचा प्रवास' नावाचा एका पानाचा तक्ता होता. तो मी केला होता. डावीकडच्या रकान्यात पोर्तुगीज आणि इंग्रजीतले दहा शब्द, उजवीकडे मराठीतले दहा शब्द, मध्ये दहा रेघा आणि प्रत्येक रेघेच्या उजव्या टोकाला बाण. दिसायला छान होता. मंडळाच्या ग्रुपवर भरपूर अंगठे आले, दोघातिघांनी तो स्टेटसलाही लावला. पण त्या दहापैकी एक बाण उलटा होता आणि आणखी एक बाण तिथे असायलाच नको होता.

हा लेख त्या दोन बाणांबद्दल आहे. पानाची मांडणी करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये रेघेला बाणाचं टोक कसं लावतात, ते नेमकं कुठल्या बाजूला येतं आणि लावण्याआधी स्वतःला काय विचारायचं, एवढाच विषय. पुढच्या वर्षी अंकाची मांडणी तुमच्यापैकीच कोणीतरी करणार आहे. माझी चूक पुन्हा होऊ नये म्हणून सगळं लिहून ठेवते.

आजीचा प्रश्न

आमचं घर मूळचं वसईचं. आजोबा रेल्वेच्या नोकरीत इकडे आले आणि आम्ही इंदूरचेच झालो. आजी आमच्याकडेच असते. तिला मोबाइलवर वाचायला जमत नाही, म्हणून मी भंवरकुआंवरच्या एका झेरॉक्सच्या दुकानातून अंकाची प्रिंट काढून नेली. भंवरकुआं कसं आहे ते तुम्हाला सांगायला नको. कोचिंग, हॉस्टेल, लायब्ररी, टिफिन, सगळ्यांचे बोर्ड एकमेकांवर चढलेले आणि प्रत्येक बोर्डवर एक बाण. एकाच खांबावर एक बाण होळकर सायन्स कॉलेजच्या दिशेनं, तर दुसरा तक्षशिला परिसराच्या दिशेनं. इथे रोज शेकडो मुलं बाण बघून वळतात. पण बाण चुकीचा असला तर काय होतं, हा विचार मी कधी केला नव्हता.

आजीनं तक्त्यावर बोट ठेवलं आणि एकेक रेघ डावीकडून उजवीकडे वाचत गेली. पगार, चावी, बटाटा, अननस. 'नाताळ'वर आल्यावर हसली, म्हणाली, "हा तर आपलाच सण, पण शब्द त्यांचा, खरं आहे." मग 'मुंगूस'वर बोट थांबलं.

"हा बाण इकडे का गं?"

"इकडे म्हणजे?"

"म्हणजे मुंगूस हा शब्द आपण इंग्रजांकडून घेतला असं म्हणायचंय तुला?"

मी म्हटलं, "इंग्रजीत 'मंगूस' आहे ना, त्यावरून..." आणि तिथेच अडखळले.

आजी म्हणाली, "आमच्या केळीच्या वाडीत मुंगसं फिरायची. माझ्या आजीला सही करता येत नव्हती, इंग्रजी कुठून येणार? ती मुंगूसच म्हणायची."

रात्री शब्दकोश उघडले. इंग्रजी कोशांत स्पष्ट दिलंय की इंग्रजीतला 'मंगूस' हा शब्द सतराव्या शतकाच्या शेवटी आला आणि तो मराठी 'मुंगूस'वरून आला. वाटेत पोर्तुगीजांच्या तोंडून गेला असण्याची शक्यता आहे. तेलुगू आणि कन्नडमध्येही याच्या अगदी जवळचे शब्द आहेत, त्यामुळे मराठीच्या मागे जायचं तर अभ्यासक द्राविडी भाषांकडे बोट दाखवतात. म्हणजे शब्द आपल्याकडून तिकडे गेला होता आणि मी तो तिकडून इकडे आणून बसवला होता. गंमत म्हणजे आपण इंदूरकर दिवसभर हिंदीत 'नेवला' म्हणतो. इंग्रजीतला शब्द हिंदीपेक्षा आपल्या घरातल्या मराठीला जवळचा आहे, हे डोळ्यांसमोर असूनही मला दिसलं नाही.

सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. तक्ता पंचवीस-तीस जणांनी तरी बघितला असेल. सगळे मराठीचे, त्यातले बरेच साहित्याचे विद्यार्थी. कोणालाच तो बाण खटकला नाही. कारण 'शब्द बाहेरून आपल्याकडे येतात' हे आपण आधीच धरून चाललेलो असतो. माझ्या बाणानं ते गृहीतक फक्त छापून दिलं.

चूक झाली कशी

कारण अगदी साधं आहे आणि तांत्रिक आहे. मी पहिली रेघ डावीकडून उजवीकडे ओढली, तिच्या शेवटच्या टोकाला बाण लावला आणि तीच रेघ नऊ वेळा कॉपी करून खाली चिकटवली. दहाही रेघा सारख्या दिसाव्यात म्हणून. 'मुंगूस'च्या ओळीतही तीच रेघ गेली. हातानं प्रत्येक बाण वेगळा काढला असता तर कदाचित एकदा तरी थांबून विचार केला असता. कॉपी-पेस्टला विचार करावा लागत नाही.

म्हणून पहिला नियम लक्षात ठेवा. सॉफ्टवेअरसाठी रेघेला डावं-उजवं नसतं. तिला सुरुवात आणि शेवट असतो. माउस जिथे दाबला ती सुरुवात आणि जिथे सोडला तो शेवट. उजवीकडून डावीकडे रेघ ओढलीत तर 'शेवट' डावीकडे येणार. रेघ फिरवून उभी केलीत, आडवी केलीत, तरी तिची सुरुवात तिच्याबरोबर फिरते. त्यामुळे 'बाण भलत्याच बाजूला आला' अशी तक्रार करायच्या आधी, आपण रेघ कुठून ओढायला सुरुवात केली होती ते आठवा.

स्क्रायबसमध्ये

आपल्या मंडळाचा अंक स्क्रायबसमध्ये होतो, कारण ते मोफत आहे आणि कोणाच्याही लॅपटॉपवर चालतं. जुन्या १.४ आवृत्तीत देवनागरी जोडाक्षरं नीट जुळत नव्हती, १.६ मध्ये ती अडचण नाही, त्यामुळे नवीच आवृत्ती घ्या.

१. रेघ ओढायचं साधन निवडा. वरच्या पट्टीत त्याचं चित्र आहे. कंट्रोलची कळ दाबून ओढलंत तर रेघ ठरावीक कोनांवरच वळते, त्यामुळे सरळ आडवी रेघ मिळते.

२. रेघ निवडलेली असताना एफ २ दाबा. 'प्रॉपर्टीज'ची खिडकी उघडेल. त्यात 'लाइन' हा भाग उघडा.

३. तिथे सुरुवातीच्या बाणासाठी एक यादी आणि शेवटच्या बाणासाठी दुसरी यादी दिसेल. दोन्हींत आधी 'नन' म्हणजे काहीच नाही असं असतं. ज्या टोकाला बाण हवा त्या यादीतून आकार निवडा.

४. नव्या आवृत्तीत बाणाचा आकार टक्क्यांत कमी-जास्त करता येतो. आधी शंभर टक्क्यांवर बघा, मग ठरवा.

हे बाण साध्या रेघेला, बेझिए वक्राला आणि हातानं काढलेल्या मोकळ्या रेघेला लागतात. चौकोन, वर्तुळ अशा बंद आकाराला लागत नाहीत, कारण त्याला टोकच नसतं. बाण उलटा हवा असेल तर रेघ पुसायची गरज नाही. एका यादीत 'नन' करा आणि दुसऱ्या यादीत आकार निवडा. 'मुंगूस'ची दुरुस्ती मी अशीच केली. मोजून दोन क्लिक. दोन क्लिकची चूक आणि दोन क्लिकची दुरुस्ती, पण मधल्या काळात तो तक्ता लोकांच्या फोनमध्ये जाऊन बसला होता.

इनडिझाइन आणि लिबरऑफिसमध्ये

ज्यांच्याकडे इनडिझाइन आहे त्यांच्यासाठी: रेघ काढा, 'स्ट्रोक' पॅनल उघडा. पॅनल आखडलेलं असेल तर त्याच्या मेनूतून सगळे पर्याय उघडून घ्या. तिथे 'स्टार्ट' आणि 'एंड' या टोकांसाठी यादी आहे: साधा बाण, त्रिकोण, काटेरी, गोल, चौकोन, आडवी पट्टी असे प्रकार. बाण उलटा पडला तर 'ऑब्जेक्ट' मेनूतल्या 'पाथ्स'मध्ये 'रिव्हर्स पाथ' आहे; त्यानं रेघेची सुरुवात आणि शेवट आपापसांत बदलतात. दोन सूचना. एक, काहीही निवडलेलं नसताना बाणाचा प्रकार बदलू नका, नाहीतर तो पुढच्या सगळ्या नव्या रेघांना लागतो. दोन, एक रेघ मनासारखी झाली की तिची ऑब्जेक्ट स्टाइल करून ठेवा. मग पूर्ण अंकातले बाण एका जागेवरून बदलता येतात. आणि देवनागरीसाठी वर्ल्ड-रेडी कंपोझर चालू आहे ना ते बघा.

लिबरऑफिस ड्रॉमध्ये रेघेच्या खिडकीत 'ॲरो स्टाइल्स' असा वेगळा भाग आहे. तिथे एक खूण आहे, दोन्ही टोकं सारखी ठेवणारी. ती चुकून लागली तर एकेरी बाण दुहेरी होतो, सांभाळा. पण ड्रॉमध्ये एक मोठी सोय आहे ती म्हणजे 'कनेक्टर'. ही रेघ दोन चौकटींना चिकटलेली असते. चौकट हलवली की रेघही हलते. स्क्रायबसमध्ये तसं नाही. तिथे शब्द हलवला की बाण जुन्या जागी हवेत राहतो. म्हणून सगळं जागेवर बसलं की शब्द आणि बाण एकत्र निवडून ग्रुप करा.

भंवरकुआंच्या त्या झेरॉक्सच्या दुकानातले अंकल जुने डीटीपीवाले आहेत. त्यांना मी हा सगळा घोळ सांगितला, तर हसून हिंदीत म्हणाले, "बेटा, हम तो लाइन अलग बनाते थे, तिकोन अलग. हाथ से चिपकाते थे." त्रिकोण वेगळा करून रेघेला चिकटवायचा! एकेका बाणाला एवढी मेहनत असेल तर माणूस दहा वेळा विचार करून बाण लावत असणार, असं मला तेव्हा वाटलं.

मराठी मजकुरात बाण बसवताना

सॉफ्टवेअरच्या पुस्तकांत उदाहरणं इंग्रजी अक्षरांची असतात. देवनागरीत काही गोष्टी वेगळ्या पडतात, त्या मला करून बघताना कळल्या.

पहिली गोष्ट शिरोरेषा. आडवी रेघ शब्दाच्या शिरोरेषेच्या उंचीवर आणून थांबवलीत तर ती शिरोरेषेचाच लांबलेला भाग वाटते. माझ्या पहिल्या कच्च्या पानावर 'पाव' या शब्दाला मागे लांब शेपूट आल्यासारखं दिसत होतं. म्हणून बाणाचं टोक शिरोरेषेच्या खाली, अक्षराच्या मध्यावर यायला हवं.

दुसरी गोष्ट मात्रा आणि उकार. उभा बाण वरून येत असेल तर वेलांटी आणि मात्रांना लागतो, खालून येत असेल तर उकारांना. 'मुंगूस'मध्ये वर अनुस्वार, खाली दोन उकार. अशा शब्दाच्या वर-खाली नेहमीपेक्षा जास्त मोकळी जागा सोडा. मी आता टोक आणि शब्द यांच्यात निदान दोन मिलिमीटर ठेवते आणि पान चारशे टक्के मोठं करून नोक नेमकी कुठे टेकतेय ते बघते.

तिसरी गोष्ट जाडी. बाणाच्या टोकाचा आकार रेघेच्या जाडीवर ठरतो. रेघ फार बारीक ठेवली तर टोकही एवढंसं होतं आणि आपला अंक तर बहुतेक जण फोनवर वाचतात. तिथे बारीक बाण म्हणजे नुसती रेघ. आणि बाणाची रेघ झाली की अर्थच बदलतो, त्याबद्दल पुढे सांगतेच. ए-फोर पानावर मी पाऊण ते एक पॉइंट जाडी ठेवते, मग पीडीएफ काढून स्वतःच्या फोनवर बघते.

मजकुराच्या ओघात बाण हवा असेल तर रेघ काढू नका; युनिकोडमध्ये बाणाचं तयार चिन्ह आहे, ते वापरा. मात्र तुमच्या देवनागरी फॉन्टमध्ये ते चिन्ह आहे का ते तपासा. नसलं तर तिथे रिकामी चौकट दिसते.

बाण म्हणजे विधान

आता मुख्य मुद्दा. वाहण्याची किंवा फिरण्याची दिशा दाखवायला चित्रात बाण काढायची पद्धत आपल्याला जुनीपुराणी वाटते, पण छापील पुस्तकांत ती तशी अलीकडची आहे. अभ्यासक सुरुवातीच्या उदाहरणांत बेर्नार फोरे द बेलिदोर या फ्रेंच अभियंत्याचं पुस्तक दाखवतात. त्याचे पाण्यावरच्या यंत्रांबद्दलचे खंड १७३७ पासून निघाले. त्यातल्या आकृतींत पाणी कुठून कुठे वाहतं आणि चाक कुठल्या बाजूला फिरतं ते बाणानं दाखवलं होतं. तिथे बाण उलटा पडला असता तर चाक बांधणारा फसला असता. म्हणजे बाण हा मुळात सजावटीसाठी आलेला नाही. माहिती देण्यासाठी आलाय.

भाषेच्या तक्त्यातही तेच. 'बटाटा' आणि त्याचा पोर्तुगीज शब्द यांच्यामध्ये नुसती रेघ ओढली तर तिचा अर्थ 'यांचा संबंध आहे' एवढाच. रेघेला टोक लावलं की अर्थ होतो 'हा शब्द इथून तिथे गेला'. टोक लावताना आपण एक पूर्ण वाक्य म्हणत असतो. ते वाक्य खरं असलं पाहिजे.

म्हणून नव्या तक्त्यासाठी मी चार प्रकार ठरवले. तुम्हीही वापरून बघा.

ठळक एकेरी बाण: दिशा नक्की असेल तर. 'पगार' पोर्तुगीजमधून आला, तिथे त्याचा अर्थ पैसे चुकते करणं. 'चावी' तिथूनच. 'पाव', 'पाद्री', 'नाताळ' हेही. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी ती घेतली. दोनशे वर्षांच्या शेजारात शब्द येणारच. उलट दिशेचा ठळक बाण 'चाळ'चा. इंग्रजीत मुंबईबद्दल लिहिताना जो 'चॉल' वापरतात तो आपला 'चाळ'. आणि अर्थातच 'मुंगूस'.

साखळी: शब्द दोन घरं फिरून आला असेल तर एकाच बाणानं काम भागवू नका. 'बटाटा' पोर्तुगीजांनी दिला हे खरं, पण त्यांच्याकडे तो कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो भाषेतून स्पॅनिशमार्गे आला होता. 'अननस' आणि 'काजू' ब्राझीलच्या बाजूच्या तुपी भाषांमधून पोर्तुगीजमध्ये आणि तिथून आपल्याकडे. मी मागच्या तक्त्यात मधला दुवाच सुरुवात म्हणून दाखवला होता. ज्या लोकांनी ही फळं पहिल्यांदा पिकवली त्यांची भाषा पानावरून गायब झाली होती.

तुटक बाण: दिशा बहुधा अशी आहे, पण अभ्यासक 'कदाचित' म्हणतात तेव्हा. इंग्रजीत सुक्या बोंबलाला 'बमालो' असाही शब्द आहे आणि तो मराठी 'बोंबील'वरून आला असावा असं कोश सांगतात. 'असावा' या शब्दाचं चित्र म्हणजे तुटक रेघ. 'मुंगूस'च्या साखळीतही द्राविडी भाषांकडून मराठीकडे येणारा बाण मी तुटकच ठेवलाय.

बिनटोकाची रेघ: दिशेबद्दल मतभेद असतील तर. माझी दुसरी चूक इथे होती. 'साबण'ला मी पोर्तुगीजमधून ठळक बाण काढला होता. पण हा शब्द अरबी-फारसीमार्गे आला असंही मानलं जातं, आणि दोन्ही वाटा मागे लॅटिनपर्यंत जातात. अशा ठिकाणी टोक लावणं म्हणजे भांडणाचा निकाल आपणच देऊन टाकणं. आता 'साबण'ला दोन बिनटोकाच्या रेघा आहेत, एक पोर्तुगीजकडे आणि एक फारसीकडे. तक्ता थोडा अपुरा दिसतो, पण खोटं सांगत नाही.

दुहेरी बाण कधी वापरायचा हा प्रश्न आमच्या बैठकीत निघाला. माझ्या मते तो फार जपून वापरावा, कारण 'दोन्हीकडून' म्हटलं की कोणी काय दिलं ते सांगायची जबाबदारी टळते. एक उदाहरण मात्र मला पटतं. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला, इथल्या भाषा शिकला आणि त्यानं मराठीत ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' लिहिलं. ते १६१६ मध्ये राचोलला छापलं गेलं, तेही रोमन लिपीत, कारण छपाईला देवनागरीचे खिळे उपलब्ध नव्हते. इथे कथा बाहेरून आली, ओवी इथली होती, लिपी पुन्हा बाहेरची. आमच्या घरात येशूच्या गोष्टी मराठीतच ऐकल्या जातात, त्या मागे कुठेतरी ही देवघेव आहे. पण तक्त्यात दाखवताना इथेही मी एक दुहेरी बाण न काढता तीन वेगवेगळे एकेरी बाण काढीन आणि प्रत्येकावर लिहीन: कथा, छंद, लिपी.

पाठवण्याआधीची तपासणी

हे सगळं करून झालं की अंक पाठवण्याआधी चार गोष्टी करा.

एक, प्रत्येक बाण मोठ्यांदा वाचा. 'पगार हा शब्द पोर्तुगीजमधून मराठीत आला.' 'मुंगूस हा शब्द इंग्रजीतून मराठीत आला.' दुसरं वाक्य मी एकदा जरी तोंडानं म्हटलं असतं तरी जीभ अडली असती. डोळा बाणावरून घसरतो, तोंड घसरत नाही.

दोन, कॉपी केलेल्या प्रत्येक रेघेवर क्लिक करून तिची सुरुवात आणि शेवट तपासा. दहा रेघांना दोन मिनिटं लागतात.

तीन, पीडीएफ फोनवर बघा आणि एक काळी-पांढरी प्रिंट काढा. रंगांनी दिशा दाखवली असेल तर ती प्रिंटमध्ये नाहीशी होते. टोकांनी दाखवली असेल तर राहते.

चार, तक्ता अशा एका माणसाला दाखवा ज्याला सॉफ्टवेअर कळत नाही पण शब्द कळतात. आपल्या मंडळात प्रूफ वाचणारे दोघं असतात, दोघंही आपल्याच वयाचे. मी सुचवलंय की तिसरं प्रूफ घरातल्या मोठ्या माणसांकडे जावं. आपल्या आजी-आजोबांची मराठी पुस्तकातून आलेली नाही, त्यामुळे पुस्तकातली चूक त्यांना चटकन दिसते.

दुरुस्त तक्ता याच अंकात शेवटच्या पानावर आहे. ज्यांनी जुना तक्ता पुढे पाठवला असेल त्यांनी कृपया हाही पाठवा. चुकीचा बाण एकदा सुटला की परत भात्यात येत नाही, पण त्याच्या मागोमाग बरोबर बाण तरी सोडता येतो.

सरावासाठी एक काम देते. घरात जाऊन पाच शब्द गोळा करा, जे आपण इंदूरकर रोज बोलतो आणि जे मराठी, हिंदी, माळवी यांच्यात ये-जा करतात. दोन रकाने करा, रेघा ओढा, पण टोकं लगेच लावू नका. आधी कोश बघा, घरी विचारा आणि मगच 'स्टार्ट' किंवा 'एंड'ची यादी उघडा. एखाद्या रेघेला टोक लावता आलं नाही तर ती तशीच ठेवा. पुढच्या बैठकीत तीच रेघ सगळ्यात आधी बोलायला घेऊ.

परवा नवी प्रिंट घेऊन घरी गेले. आजीनं आधी 'मुंगूस' शोधला, बोटानं बाण उजवीकडून डावीकडे वाचला, मान हलवली आणि 'साबण'वर बोट ठेवून म्हणाली, "याला टोक नाही लावलंस?"

म्हटलं, "नाही आजी, अजून भांडण मिटलेलं नाही."

"मग राहू दे," ती म्हणाली, "मिटलं की लाव."